ज्याला दार नाही, तो ‘दार रेहोव’

आपण मराठी माणसे या देशात येऊन हिब्रू शिकू लागलो, तेव्हा काही शब्दांनी आपली चांगलीच गंमत केली. त्यातला एक शब्द ‘दार’. मराठीत दार म्हणजे दरवाजा. हिब्रूत ‘दार’ म्हणजे राहणारा, वस्ती करणारा. ज्या धातूपासून हा शब्द झाला, त्याच धातूपासून ‘दीरा’ म्हणजे राहती जागा आणि ‘दियूर’ म्हणजे निवासाची सोय हे शब्द झाले. आपल्या वयाच्या मंडळींत हल्ली ज्याची वारंवार चर्चा चालते तो ‘दियूर मुगान’, म्हणजे वृद्धांची संरक्षित वसाहत, हाही त्याच घराण्यातला. आणि त्याच घराण्यात एक दुःखी शब्दही आहे: ‘दार रेहोव’. रेहोव म्हणजे रस्ता. जो रस्त्यावर राहतो तो दार रेहोव. असे अनेक असले की ‘दारे रेहोव’. तरुण मुले सरळ ‘होमलेस’ म्हणतात. मराठी कानाला मात्र ‘दार रेहोव’ ऐकताना वाटते, रस्ता हेच या माणसाचे दार, आणि ते दार कधी लावता येत नाही.

तिश्री महिना जवळ आला आहे. या महिन्यात आपण आधी दारे लावून घेतो आणि मग चार-पाच दिवसांत घराबाहेर मांडव घालून बसतो. घर असणे म्हणजे काय, नसणे म्हणजे काय, आणि असलेल्या घराबद्दल आभार मानायचे ते कसे, याचा विचार करायला याहून योग्य वेळ नाही. म्हणून हा लेख.

घर, बिऱ्हाड, निवारा, छप्पर

मराठीत राहण्याच्या जागेला अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. छप्पर म्हणजे नुसते डोक्यावरचे आच्छादन. निवारा म्हणजे ऊन, वारा, पाऊस निवारण करणारी जागा. ती रात्रीपुरतीही असेल. बिऱ्हाड म्हणजे भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण घेऊन मांडलेला संसार. तो भाड्याच्या खोलीतही मांडता येतो आणि वेळ आली तर पाठीवर घेऊन निघताही येते. घर मात्र याहून मोठे. घरात आपली माणसे असतात, आपला पत्ता असतो, रात्री कडी लावता येते, आणि ‘येथून ऊठ’ असे कोणी म्हणू शकत नाही.

हा फरक आपल्या देशाने अलीकडेच फार जवळून पाहिला. 2023 च्या ऑक्टोबरनंतर दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या सीमेवरील गावांतून एक लाखाहून अधिक माणसांना आपापली घरे सोडावी लागली. त्यांतील पुष्कळांना सरकारने एलातच्या, मृत समुद्राच्या काठच्या, तेल अवीवच्या आणि यरुशलेमच्या हॉटेलांत ठेवले. पलंग होता, तीन वेळचे जेवण होते, स्वच्छ चादरी होत्या. तरी महिन्या दोन महिन्यांत माणसे म्हणू लागली की आता घरी जायचे. आपल्या चुलीवर केलेली वरणभाताची चव कुठल्याही हॉटेलच्या जेवणाला येत नाही हे आपल्या बायकांना वेगळे सांगायला नको. त्या लोकांपाशी छप्पर होते, निवारा होता, बिऱ्हाडही थोडेफार होते. घर तेवढे नव्हते.

आता विचार करू. ज्याच्यापाशी या चारांपैकी एकही नाही, त्याचे काय?

आपणही कधी बिनघराचे होतो

आपल्या समाजाची गोष्टच बिनघरच्या माणसांपासून सुरू होते. आपले वाडवडील सांगत आले की कोकणच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. अंगावरच्या ओल्या कपड्यांशिवाय त्यांच्यापाशी काही उरले नव्हते; ग्रंथही समुद्रात गेले. जे बुडाले त्यांना नवगावातच माती दिली. जे वाचले त्यांना गावकऱ्यांनी थारा दिला. त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवला आणि ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

पुढे ही कुटुंबे अलिबाग, पेण, रोहे, चौल अशा भागांत पसरली आणि ज्या गावात घर बांधले त्या गावाचे नाव आडनाव म्हणून लावू लागली. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर, केहिमकर, दिवेकर, झिराडकर. आपले आडनाव म्हणजे आपल्या घराचा पत्ताच. ज्यांना समुद्राने बिनघराचे केले त्यांनी घराचे नाव आपल्या नावाला कायमचे बांधून टाकले, यात नवल काय?

या देशात जे आपले लोक 1950 च्या सुमारास पहिल्यांदा आले, त्यांनी ‘मआबारा’ पाहिली. नव्या देशात माणसे येत होती लाखांनी आणि घरे होती मोजकी. म्हणून 1950 पासून तात्पुरत्या वस्त्या उभारल्या गेल्या. कोणाला तंबू, कोणाला कापडी भिंतींची खोपटी, कोणाला पत्र्याची खोली. 1951 च्या अखेरीस अशा वस्त्यांत दोन लाखांहून अधिक माणसे राहत होती. इराकमधून आलेली, येमेनमधून आलेली, रुमानियातून आलेली आणि आपली मुंबईकडची. पाणी सार्वजनिक नळावर, संडास लांब, आणि पाऊस आला की तंबूत चिखल. मागाहून शिकुन बांधले गेले, दिमोना, बेर शेवा, लोद, रामले, अश्दोद येथे आपल्या लोकांना दोन-दोन, तीन-तीन खोल्या मिळाल्या. आमची पिढी बरीच नंतर आली, पण वडीलधाऱ्यांकडून हे इतक्या वेळा ऐकले आहे की तो चिखल आमच्याच पायांना लागल्यासारखा वाटतो.

म्हणून रस्त्यावर झोपलेल्या माणसाकडे पाहून ‘हे लोक वेगळेच असतात’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोन वेळा आपला समाज उघड्यावर आला. दोन्ही वेळा कोणीतरी जागा दिली, म्हणून आपण आज दाराला कडी लावून झोपतो.

दार रेहोव होतो तरी कसा?

आपल्याला रस्त्यावर राहणारी माणसे प्रथम दिसली ती मुंबईत. भायखळ्याला, मशीद बंदरला, माहीमला शाळेत जाता-येता फुटपाथवर मांडलेले संसार आपण पाहिले आहेत. तीन दगडांची चूल, भिंतीला बांधलेले प्लास्टिक, पिंपात भरून ठेवलेले पाणी. ती बहुतेक कामकरी माणसे होती. कोणी हमाल, कोणी बांधकामावर, कोणी घरकाम करणारी. खेड्यात काम नव्हते, मुंबईत काम होते पण खोलीचे भाडे परवडत नव्हते, आणि लांब राहायचे तर गाडीभाड्यातच मजुरी संपायची. 1981 साली पावसाळ्यात त्यांना हलवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवरचे काही रहिवासी न्यायालयात गेले. 1985 साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पोट भरण्याचे साधन हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच निकालात फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क मात्र मान्य झाला नाही. तरीही ही माणसे तेथे हौसेने राहत नाहीत, कामाच्या जवळ राहावे लागते म्हणून राहतात, हे त्या निकालाने लेखी मान्य केले.

इस्राएलमधला दार रेहोव थोडा वेगळा असतो. येथे कुटुंबेच्या कुटुंबे फुटपाथवर चूल मांडून बसलेली दिसत नाहीत. येथे बहुधा एकटा माणूस दिसतो, तोही बाकावर, बस स्थानकाच्या कोपऱ्यात, पडक्या इमारतीत किंवा अर्धवट बांधकामात. कल्याण मंत्रालय ढोबळमानाने ज्याला दार रेहोव मानते तो अठरा वर्षांवरचा, अशा जागी राहणारा, शरीराची व मनाची आबाळ झालेला आणि घरच्यांशी संबंध तुटलेला माणूस असतो. या व्याख्येतला शेवटचा भाग नीट वाचण्यासारखा आहे. घर जाण्याआधी बहुतेकांची माणसे गेलेली असतात.

हे एका दिवसात होत नाही. पायरीपायरीने होते. नोकरी जाते किंवा आजारपण येते. भाडे थकते. कर्ज होते. नवराबायकोत बिनसते आणि एक जण घराबाहेर पडतो. काही दिवस मित्राकडे, काही दिवस बहिणीकडे. मग त्यांनाही जड होते. कोणाला दारूचे किंवा नशेच्या गोळ्यांचे व्यसन असते. कोणाला ते रस्त्यावर आल्यावर लागते, कारण थंड रात्र शुद्धीवर राहून काढणे कठीण असते. कोणाच्या मनाला आजार असतो आणि औषध घ्यायला सांगणारे कोणी उरलेले नसते. पुष्कळ जण परदेशातून एकटे आलेले, भाषा न येणारे असतात. आपल्यालाही भाषा येत नव्हती, पण आपल्यापाशी मावशी होती, काका होते, सिनेगॉगमधली चार माणसे होती. तेवढाच फरक.

आणि पत्ता गेला की गुंता वाढत जातो. पत्र कुठे यावे? डॉक्टरची तारीख कशी कळावी? अंघोळ न केलेल्या माणसाला नोकरी कोण देणार? नोकरी नाही म्हणून भाडे नाही, आणि घर नाही म्हणून नोकरी नाही. विहिरीत पडलेल्याला ‘वर ये’ म्हणून काठावरून ओरडण्यात अर्थ नसतो. दोर सोडावा लागतो.

शिवाय जे दिसत नाहीत तेही आहेत. मोटारीत झोपणारे आहेत. नातेवाइकांच्या सोफ्यावर महिनोन्‌महिने दिवस काढणारे आहेत. स्त्रिया तर रस्त्यावर कमीच दिसतात, कारण उघड्यावरची रात्र बाईला फार धोक्याची. डोक्यावर छप्पर राहावे म्हणून मारझोड सोसत राहिलेल्या बायका कोणत्या यादीत मोजायच्या?

आपला धर्म काय सांगतो

ज्यांनी लहानपणी सिनेगॉगच्या शाळेत धडे घेतले त्यांना हे ठाऊक आहे, पण पुन्हा एकदा क्रमाने पाहू.

तोरामध्ये शेमोत 22 आणि देवारीम 24 या अध्यायांत गहाणाचा नियम आहे. गरिबाने कर्जापोटी आपले पांघरूण गहाण ठेवले असेल तर सूर्य मावळण्याआधी ते परत केले पाहिजे, कारण रात्री पांघरायला त्याच्यापाशी दुसरे काही नाही. पैसे देणाऱ्याने गहाण आणायला ऋणकोच्या घरात शिरायचे नाही. त्याने बाहेर थांबायचे आणि त्या माणसाने आपल्या हाताने वस्तू बाहेर आणून द्यायची. कर्जात बुडालेला असला तरी त्याचा उंबरठा त्याचाच आहे. त्याची झोप आणि त्याचे दार या दोन गोष्टी सावकारालाही घेता येत नाहीत.

सुमारे 1800 वर्षांपूर्वी मिश्ना ग्रथित झाली. तिच्या ‘पेआ’ भागात गावोगाव फिरणाऱ्या गरिबाला काय द्यायचे ते ठरवून दिले आहे. तो नुसता पुढे जात असेल तर एक भाकरी. रात्री राहिला तर झोपण्याची सोय. शब्बाथला राहिला तर तीन वेळचे जेवण. यात ‘वाटले तर द्या’ असे म्हटलेले नाही. किती द्यायचे ते माप सांगितले आहे. ‘त्सदाका’ हा शब्द ‘त्सेदेक’ म्हणजे न्याय यापासून झाला आहे. आपण त्याचे भाषांतर दान असे करतो, पण दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि न्याय घेणाऱ्याचा हक्क असतो.

रंबाम 1204 साली वारले. त्यांना स्वतःला लहानपणी कोर्दोवा शहर सोडून कुटुंबाबरोबर वर्षानुवर्षे वणवण करावी लागली होती. त्यांनी त्सदाकाच्या आठ पायऱ्या लिहून ठेवल्या. त्यात सर्वांत खालची पायरी म्हणजे कुरकुरत देणे आणि सर्वांत वरची म्हणजे माणसाला पुन्हा मागावे लागणार नाही असे करणे: कर्जाऊ रक्कम देऊन, धंद्यात भागीदार करून किंवा काम मिळवून देऊन.

योम किपूरच्या सकाळी येशायाच्या ग्रंथातला जो भाग वाचला जातो, त्यात संदेष्टा उपाशी बसलेल्या आपल्याच लोकांना विचारतो की हा उपास कशासाठी? भुकेल्याला भाकरी द्या, भटकणाऱ्या गरिबाला घरात आणा, उघड्याला वस्त्र द्या, हा खरा उपास, असा त्याचा आशय आहे. वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवशी, पांढरे कपडे घालून सगळा समाज जमलेला असताना, आपल्याला घर नसलेल्या माणसाची आठवण करून दिली जाते.

आणि आपल्या कोकणातल्या पूर्वजांनी हे फार चांगले ओळखले होते. हिब्रू ग्रंथ हाती नव्हते तेव्हाही त्यांनी सण धरून ठेवले आणि त्यांना आपल्या भाषेतली नावे दिली. हायिम समुएल केहिमकरांनी आपल्या इतिहासात ती नोंदवली आहेत. योम किपूर म्हणजे ‘दारफाळणीचा सण’, दारे लावून घेण्याचा सण. त्या दिवशी पांढरी वस्त्रे घालून, उपास करून, दारे बंद ठेवून घरात राहायचे. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. त्या दिवशी दारे उघडायची, गरिबांना दान द्यायचे आणि आप्तेष्टांना भेटायला जायचे. पाहा कसा क्रम लावला आहे. एक दिवस दार लावून स्वतःकडे पाहायचे, आणि दुसऱ्या दिवशी उघडलेल्या दारातून पहिल्यांदा गरिबाकडे पाहायचे. तिशा बेआवला ते ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत आणि वालाचे बिरडे खात. आपल्या पवित्र घराचा नाश झाला, आपण देशोधडीला लागलो, त्या दिवसाची आठवण कोकणातल्या स्वयंपाकघरात वालाच्या डाळिंब्यांनी टिकवली.

मांडव आणि पक्के घर

सुकोतबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपला विषय येथेच नेमका बसतो. वायिक्रा 23 मध्ये सात दिवस मांडवात राहण्याची आज्ञा आहे. मिसरमधून निघाल्यावर आपले पूर्वज मांडवांत राहिले याची आठवण म्हणून. सुका कशी असावी याचे नियम आहेत. वरचे आच्छादन जमिनीतून उगवलेल्या वस्तूंचे हवे. कोकणात नारळीच्या झावळ्या हाताशीच होत्या. आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी.

आपल्या पंडितांनी पक्क्या घराला ‘दीरात केवा’ आणि तात्पुरत्या जागेला ‘दीरात अराय’ असे म्हटले आहे. सात दिवस दीरात केवामधून निघून दीरात अरायमध्ये बसायचे. पण तेथेही घरात राहावे तसेच राहायचे, चांगली भांडी न्यायची, चांगले अंथरूण घालायचे. हे सांगताना त्यांनी वापरलेले क्रियापद त्याच ‘दार’च्या धातूचे आहे.

आता सवलती पाहा. पावसाने अन्न खराब होऊ लागले तर सुका सोडून घरात जाता येते. आजाऱ्याला सूट आहे, आणि आजाऱ्याची सेवा करणाऱ्यालाही सूट आहे. म्हणजे आपल्या झावळ्यांच्या मांडवामागे पक्के घर उभे आहे, हे धर्माने गृहीत धरले आहे. दार रेहोवला पाऊस आला तर कुठे जायचे? तो आजारी पडला तर कोणती सूट? त्याचे सुकोत सात दिवसांत संपत नाही.

मेझुझाचेही तसेच. आपण जाता-येता मेझुझाला हात लावून बोटे ओठांना लावतो. तिच्याबद्दल तालमूदमध्ये एक नियम आहे की मेझुझा लावण्याचे कर्तव्य ‘दार’चे, म्हणजे त्या जागी राहणाऱ्याचे आहे, जागेचा मालक कोणी का असेना. म्हणजे भाडेकरूचीही ती जबाबदारी. पण दार रेहोवने मेझुझा कोणत्या चौकटीला लावावी? ज्याला दाराची चौकट नाही त्याला हे कर्तव्य बजावण्याची संधीसुद्धा नाही. घर असणे म्हणजे सुख आहे हे आपल्याला कळते. घर असल्यामुळे आपल्याला काही करता येते, पाहुण्याला बोलावता येते, शब्बाथचा दिवा लावता येतो, हे आपण विसरतो.

आभार कसे मानावेत

आता अवघड भागाकडे वळू. रस्त्यावर झोपलेला माणूस पाहिला की मनात येते, ‘देवा, तुझे उपकार, माझी अशी वेळ आली नाही.’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आभार जर एवढ्यावरच थांबले तर ते अपुरे राहतात. कोणी खाली आहे म्हणून मी वर आहे, असे ते होते. त्या माणसाचे दुःख आपल्या समाधानाचे साधन बनते. आणि नातवंडांना त्याच्याकडे बोट दाखवून ‘अभ्यास केला नाहीस तर असा होशील’ असे म्हटले, तर आपण त्याला ऐकू जाईल इतक्या जवळून दगड मारल्यासारखे होते.

खरे आभार कोणत्या तरी देणाऱ्याचे असतात आणि मिळालेल्या वस्तूचे नाव घेऊन असतात. ‘यहुदी’ हे आपले नावच ‘यहुदा’वरून आले, आणि लेआने चौथ्या मुलाचे नाव यहुदा ठेवले ते परमेश्वराचे आभार मानताना. सकाळच्या प्रार्थनेत आपण मोघम आभार मानत नाही. डोळ्यांना दिसते त्याचे वेगळे, वस्त्र मिळाले त्याचे वेगळे, वाकलेली पाठ सरळ झाली त्याचे वेगळे. आपल्या सर्व गरजा भागवल्याबद्दल जी बेराखा आहे, तिचा संबंध पंडितांनी पायात जोडे घालण्याशी लावला आहे. पायात जोडे असले की माणूस बाहेर पडू शकतो. म्हणून ती एवढीशी गोष्ट सर्व गरजांच्या ठिकाणी मोजली.

आपणही घरातल्या सुखांची अशी नावानिशी मोजणी करून पाहावी. मलाखीम ग्रंथाच्या दुसऱ्या भागात शुनेमच्या बाईची गोष्ट आहे. एलिशा संदेष्टा वरचेवर तिच्या गावावरून जात असे. त्याला उतरायला जागा नव्हती. तिने नवऱ्याला सांगून माडीवर एक लहान खोली बांधून घेतली आणि त्यात चार वस्तू ठेवल्या: पलंग, मेज, खुर्ची आणि दिवा. बस्स. निजायला, जेवायला, बसायला आणि अंधार दूर करायला. माणसाला घर म्हणून काय लागते याची ही बहुधा सर्वांत लहान यादी असेल. आपल्या घरात या चार वस्तू कधीच्या आहेत. त्यावर नळाचे पाणी आहे. चाळीत पहाटे उठून बादल्या भरणाऱ्यांना त्याचे मोल ठाऊक आहे. गच्चीवरचा दूद शेमेश आहे. सूर्य फुकटात अंघोळीचे पाणी तापवून देतो. औषधे ठेवायला फ्रिज आहे. खिडकीला त्रिसीम आहेत. सायरन वाजला की कोणाला ममाद आहे, आणि जुन्या शिकुनमध्ये ममाद नसला तरी जिना आहे, शेजारी आहेत, हात धरून खाली नेणारे कोणी आहे. ममाद नव्या घरांत सक्तीचा झाला तो 1991 च्या आखाती युद्धानंतर. बाकावर झोपणाऱ्याला सायरन तेवढाच मोठा ऐकू येतो, पण त्याचा हात धरायला कोणी नसते.

आपण मलिदा करतो तेव्हा पोहे, खोबरे, गूळ आणि फळे ताटात मांडून एलियाहू हानाबींची आठवण करतो. कोणाला नोकरी लागली, कोणी आजारातून उठले, कोणी नवीन घर घेतले की मलिदा. ज्यांच्या नावाने हे आभार, ते एलियाहू स्वतः कोण होते? रानात झुडपाखाली झोपलेले, गुहेत रात्र काढलेले, सारफातच्या एका गरीब विधवेच्या घरी आश्रयाला राहिलेले. तिच्या मडक्यात मूठभर पीठ होते तरी तिने त्यांना जागा दिली. आपल्या आभाराच्या ताटासमोर आपण ज्यांना बोलावतो, त्यांनाच कित्येक वर्षे घर नव्हते. हे लक्षात ठेवले तर मलिद्याचा प्रसाद दाराबाहेरही जावा असे आपोआप वाटेल.

महाराष्ट्रात शिकलेल्यांना गाडगे महाराज आठवत असतील. 1876 साली जन्मलेला आणि 1956 साली वारलेला हा माणूस अंगावर चिंध्या आणि हातात खापर घेऊन फिरला. स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही, आणि पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे दुसऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांनी स्वतःहून घर सोडले होते; दार रेहोवने सोडलेले नसते, त्याचे गेलेले असते. म्हणूनच ज्याला घर नको होते त्या महाराजांनाही दुसऱ्याला ते हवे असते हे कळले होते.

आपल्याला काय करता येईल

आपण सत्तरी-ऐंशीची माणसे. रात्री रस्त्यावर फिरून कोणाला सूप वाटणे आपल्याला जमणार नाही, आणि अनोळखी माणसाला एकट्याने घरात घेणेही शहाणपणाचे नाही. पण काही गोष्टी नक्की जमतात.

कोणी थंडीत किंवा कडक उन्हात रस्त्यावर पडलेला दिसला, तर नगरपालिकेचा 106 हा नंबर फिरवावा किंवा कल्याण मंत्रालयाच्या 118 या नंबरावर कळवावे. मोठ्या शहरांत दारे रेहोवसाठी काम करणारी माणसे आणि रात्रीचे निवारे आहेत. माणूस बेशुद्ध वाटला तर 101 ला आधी फोन करावा. जागा नीट सांगावी: रस्ता, जवळचे दुकान, बाक. एवढ्याने एखाद्याची रात्र वाचते.

जवळून जाताना मान वळवू नये. ‘शालोम’ म्हणावे. दिवसभर ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, त्याला आपण दिसतो हे कळणे हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. ब्लँकेट, मोजे, जोडे द्यायचे असतील तर धुऊन, नीट घडी करून द्यावेत. फाटके देऊन कपाट रिकामे करणे म्हणजे त्सदाका नव्हे.

आपल्या नात्यात किंवा सिनेगॉगमध्ये कोणी पायरीपायरीने खाली येत असेल, तर त्याला आधीच्या पायरीवरच धरावे. रस्त्यावर आलेल्याला पुन्हा उभे करण्यापेक्षा थकलेल्या भाड्याला हात लावणे सोपे असते. पुतण्याचा घटस्फोट झाला, भाचा नोकरीवरून घरी बसला, शेजारीण एकटी पडली. फोन करावा, शुक्रवारी जेवायला बोलवावे. रंबामांची सर्वांत वरची पायरी पुष्कळदा अशी घरगुती असते.

आणि शेवटची गोष्ट आपल्या स्वतःच्या घरातली. आपल्यापैकी पुष्कळांकडे आता मेतापेलेत आहे. फिलिपाईन्सची, नेपाळची, भारतातून आलेली मुलगी आपल्याला उठवते, जेवू घालते, औषध देते. तिचे घर हजारो मैलांवर आहे. तिची मुले आजीजवळ वाढत आहेत. आपल्याला आपल्या घरात म्हातारे होता यावे म्हणून तिने तिचे घर सोडले आहे. शुनेमच्या बाईची यादी तिच्यासाठी वाचून पाहावी: तिला स्वतःचा पलंग आहे का? तिचे मेज, तिची खुर्ची? रात्री पुस्तक वाचायला, मुलांशी बोलायला दिवा? खोलीचे दार तिला लावता येते का? आठवड्याची सुट्टी तिला कुरकूर न ऐकता मिळते का? सुकाच्या नियमात पंडितांनी आजाऱ्याबरोबर त्याच्या सेवकालाही सूट दिली, कारण त्याचाही थकवा त्यांना दिसला. आपल्यालाही दिसला पाहिजे.

घर मिळणे हे आपल्या हाती नव्हते. कोणी नवगावच्या किनाऱ्यावर थारा दिला, कोणी मआबारात तंबू ठोकला, कोणी शिकुनची किल्ली हातात ठेवली. त्या सगळ्यांचे आभार परत करणे आता शक्य नाही. ती माणसे गेली. पण किल्ली आपल्या हातात आहे. या वर्षी दारफाळणीला दार लावू, आणि शिळ्या सणाला उघडू तेव्हा ते थोडे अधिक उघडू.

सर्वांना शाना तोवा.